बाळंतपणाचा मेडिक्लेम : कॅलेंडर उलटं धरून

बडोद्यात दांडिया बाजारजवळच्या एका प्रसूतिगृहात मी मेडिक्लेमच्या टेबलावर बसते. गुजराती पेशंट मला बेन म्हणतात, मराठी ताई. मागे एकदा सातवा संपत आलेली एक मुलगी नवऱ्याबरोबर आली. डोहाळजेवण नुकतंच झालं असावं, हातात हिरवा चुडा तसाच होता. नवऱ्याने मोबाइलवर पॉलिसी उघडून माझ्यासमोर धरली.

"ताई, दहा लाखांची आहे. कॅशलेस होईल ना?"

मी दहा लाखांकडे बघितलं नाही. पॉलिसी पहिल्यांदा कधी सुरू झाली ती तारीख शोधली. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला पॉलिसीचे चौदा महिने भरणार होते आणि बाळंतपणासाठी थांबायची मुदत (वेटिंग पीरियड, म्हणजे सुरुवातीचा जो काळ तो खर्च मिळत नाही) होती चोवीस महिने. हप्ते वेळेवर भरलेले, पॉलिसी चालू, बाळंतपणाचं कव्हर स्पष्ट लिहिलेलं. तरी त्या बिलातला एक रुपयाही मिळणार नव्हता. तो बिचारा पुन्हा पुन्हा विचारत राहिला, "पण दहा लाख आहेत ना?"

गोड बातमी कळली की लोक पॉलिसी शोधायला लागतात, आणि हा विमा नेमका तिथेच हातातून निसटतो. तो घ्यायची वेळ खूप आधी येते. साखरपुडा झाला, हॉल बुक झाला, केटररला ॲडव्हान्स गेला, त्याच आठवड्यात. घरात कुणी म्हणेल, "अजून लग्न व्हायचंय आणि हिला बाळंतपणाची घाई!" म्हणू द्या.

आधी घरात काय आहे ते काढा

नवी पॉलिसी शोधण्याआधी दोघांच्या नोकरीचे कागद बघा. पुष्कळ कंपन्यांच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये बाळंतपण असतं आणि बऱ्याच ठिकाणी थांबायची मुदतही माफ असते, म्हणजे नोकरीला लागल्यापासूनच लागू. एचआरला ईमेलवर तीन गोष्टी विचारा : नॉर्मलला किती, सिझेरियनला किती, आणि बायकोचं नाव घालायला लग्नानंतर किती दिवस मिळतात. ही शेवटची मुदत छोटी असते. ती चुकली की पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं.

मकरपुरा जीआयडीसीत किंवा अशाच कारखान्यात, ऑफिसात महिना २१,००० रुपयांपर्यंत पगारावर असाल तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू असण्याची शक्यता मोठी. त्यात उपचार तर आहेतच, शिवाय नोकरी करणाऱ्या बाईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांचा प्रसूती लाभ मिळतो. त्यासाठी आधीच्या दोन योगदान कालावधींत (सहा-सहा महिन्यांच्या) मिळून किमान ७० दिवसांचं योगदान लागतं. एवढं असेल तर वेगळं कव्हर घ्यायचं का, याचा निवांत विचार करता येतो.

पण ग्रुप मेडिक्लेम नोकरीच्या दोरीला बांधलेला असतो. माझ्याच वेळी सातव्या महिन्यात नवऱ्याने नोकरी बदलली. जुनं कव्हर राजीनाम्याच्या दिवशी संपलं, नव्या ठिकाणचं प्रोबेशननंतर सुरू होणार होतं, आणि मुलगी मधल्याच फटीत जन्मली. सगळं बिल रोख भरलं. त्यानंतरच मी या टेबलावरच्या कामाकडे जरा रस घेऊन बघायला लागले, हेही खरं.

साध्या पॉलिसीत बाळंतपण नसतं

आपण जो नेहमीचा वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराला मिळून एकच रक्कम) मेडिक्लेम घेतो, त्यात बाळंतपण मुळात वगळलेलं असतं. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, सगळ्या कंपन्यांसाठी वगळणुकींची भाषा आणि क्रमांक एकसारखे ठरवून दिलेत. त्यातला अठरावा क्रमांक मातृत्वाचा. बाळंतपणाचा खर्च, सिझेरियन असो की गुंतागुंतीचं बाळंतपण, आणि अपघातामुळे नसलेला गर्भपात, हे सगळं त्या एका कलमाने बाहेर जातं. सतरावा क्रमांक वंध्यत्वाच्या उपचारांचा. नियामकाच्या आदेशाने आलेली, सगळ्या कंपन्यांची सारखी असणारी 'आरोग्य संजीवनी' पॉलिसी स्वस्त आणि चांगली आहे, पण तिच्यातही बाळंतपण नाही.

"नॉर्मल झालं तर आम्ही भरू, पण काही कॉम्प्लिकेशन झालं तर मेडिक्लेम देईलच," असं समजून चालणारे खूप भेटतात. ते चुकतात. बाळंतपणाशी जोडलेली गुंतागुंतही त्याच कलमात गेली. अपवाद एक्टोपिक प्रेग्नन्सीचा, म्हणजे गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा नळीत, राहतो तेव्हाचा. त्याचा उपचार साध्या पॉलिसीतही बसतो. आणि गरोदरपणात डेंग्यू झाला, पाय मोडला, तर तो बाळंतपणाचा खर्च नव्हे. तो नेहमीसारखा मिळायला हवा. हे लक्षात ठेवा, कारण अशा फाइलवर 'गर्भवती' शब्द दिसला की पहिला प्रश्न येतोच.

म्हणजे बाळंतपण हवं असेल तर ते अंगभूत असलेली पॉलिसी घ्यायची, नाहीतर साध्या पॉलिसीवर रायडर, म्हणजे जादा हप्त्याचं जोडकव्हर, चढवायचा. दोन्ही बाजारात आहेत.

तारीख उलटी मोजा

आता खरं काम. भिंतीवरचं कॅलेंडर काढा, पेन्सिल घ्या.

बाळंतपणाची थांबायची मुदत पॉलिसीगणिक नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंत सापडते. दोन ते चार वर्षं ही नेहमीची. नऊ महिन्यांच्या पॉलिसी असतात, पण त्यांचा हप्ता जास्त किंवा मर्यादा लहान, किंवा दोन्ही.

समजा मुदत २४ महिन्यांची आणि पॉलिसी सुरू झाली १ जानेवारी २०२६ला. मुदत संपते ३१ डिसेंबर २०२७ला. बाळंतपण १ जानेवारी २०२८ किंवा त्यानंतर व्हायला हवं. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस धरतात, म्हणजे पाळी एप्रिल २०२७च्या सुरुवातीची असेल तर तारीख जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पडते. कागदावर जमलं.

पण बाळं कागद बघून येत नाहीत. नववा लागताच पाणी गेलं, बीपी वाढलं, डॉक्टरांनी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सिझर करायचं ठरवलं, तर पॉलिसीच्या दृष्टीने ते मुदतीच्या आत झालं. वेळेआधीचं बाळंतपण हे विम्याच्या तारखेपेक्षा आधी बघायचं असतं हे सांगायला नको. म्हणून पेन्सिलीने निदान सहा आठवडे सोडा. पाळी मे २०२७च्या मध्याची धरली तर तारीख जाते फेब्रुवारी २०२८च्या तिसऱ्या आठवड्यात. मग चार-पाच आठवडे इकडेतिकडे झाले तरी धक्का लागत नाही.

दोन गोष्टी इथेच तपासून घ्या. एक, मुदत कशावरून मोजतात? बहुतेक ठिकाणी बाळंतपणाचा किंवा ॲडमिशनचा दिवस बघतात. काही मजकुरात गर्भधारणेचा उल्लेख असतो, आणि तसं असेल तर सगळा हिशेब नऊ महिन्यांनी पुढे सरकतो. दोन, मुदत कुणाची मोजतात? बायकोची. नवऱ्याची पॉलिसी सहा वर्षांची जुनी असली तरी तिचं नाव ज्या दिवशी चढलं त्या दिवसापासून तिचं घड्याळ सुरू होतं. एका नव्या सुनेचं नाव सासऱ्यांनी "रिन्यूअलच्या वेळी बघू" म्हणून आठ महिन्यांनी घातलं. ते आठ महिने गेले. नवविवाहित जोडीदाराला वर्षाच्या मध्येही घेणाऱ्या पॉलिसी आहेत. लग्नाचं प्रमाणपत्र हातात पडलं की लगेच अर्ज करा.

पॉलिसीत काय वाचायचं

माहितीपुस्तिका गुळगुळीत असते, तिच्यावर विसंबू नका. प्रत्येक पॉलिसीबरोबर ग्राहक माहिती पत्रक मिळतं, दोन-चार पानांचं. ते स्थानिक भाषेतही मागता येतं. बडोद्यात आपली मंडळी गुजराती सहज वाचतात, तेव्हा मिळेल त्या भाषेत मागा, पण मागा. मग पॉलिसीच्या मूळ मजकुरात 'मॅटर्निटी' शब्द शोधत प्रत्येक जागी थांबा.

पहिली बघायची ती मर्यादा. दहा लाखांची पॉलिसी म्हणजे बाळंतपणाला दहा लाख, असं कुठेच नसतं. बाळंतपणाची वेगळी उपमर्यादा असते. २५,००० ते १ लाख या टप्प्यातल्या मी जास्त बघते. नॉर्मल आणि सिझेरियनची वेगळी असू शकते. मग जवळच्या दोन-तीन प्रसूतिगृहांत जाऊन दर विचारा : जनरल, सेमी-स्पेशल, स्पेशल रूम, नॉर्मल आणि सिझर. विचारायला कुणी पैसे घेत नाही. अलकापुरीतलं बिल आणि आमच्या जुन्या शहरातलं बिल यात केवढा फरक असतो ते कळेल, आणि किती मर्यादा आपल्याला पुरेल तेही.

दुसरी गोष्ट नवजात बाळाची, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. चांगल्या पॉलिसीत बाळाचा उपचार जन्माच्या दिवसापासून साधारण ९० दिवसांपर्यंत आईच्या कव्हरमध्ये येतो. पण तो बाळंतपणाच्या त्याच पन्नास हजारांतून की पॉलिसीच्या पूर्ण रकमेतून? या एका ओळीवर सगळं बदलतं. बाळंतपणाचं बिल साधारण आधी कळतं, त्याची तजवीज करता येते. बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, गेलं तर बिल रोज वाढतं आणि कधी थांबेल ते कुणी सांगत नाही. काचेपलीकडे बाळ आणि अलीकडे बाप कागदावर बेरीज करतोय, हे मी पुष्कळदा बघितलंय. दोन पॉलिसींत गोंधळ झाला तर नवजात बाळाला पूर्ण रक्कम देणारी घ्या, आईची मर्यादा दहा-पंधरा हजारांनी कमी असली तरी.

बाकीचं भराभर : किती बाळंतपणांना लागू (बहुधा दोन), सोनोग्राफी, तपासण्या आणि लसी त्याच मर्यादेत की बाहेर, नवरा-बायको दोघंही त्याच पॉलिसीत असायला लागतात का, वयाची अट, आणि कायदेशीर गर्भपात किंवा गर्भ वाया गेला तर काय.

पैशांचा हिशेब, तोंडावर गोड न बोलता

समजा साध्या पॉलिसीचा हप्ता वर्षाला १६,००० आणि बाळंतपणासह २५,०००. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. फरक ९,०००. दोन वर्षं थांबायचं आणि तिसऱ्या वर्षी बाळंतपण, म्हणजे जादा २७,००० भरून ५०,०००ची मर्यादा हातात. फायदा २३,०००. मुदत चार वर्षांची असेल तर पाच हप्ते जातात, ४५,००० भरून ५०,०००. एवढ्यासाठी पोस्टात आरडी काढली असती तरी चाललं असतं, आणि तिचे पैसे बाळ झालं नाही तरी परत आले असते.

म्हणून चार वर्षांच्या मुदतीचं छोटं कव्हर एजंट कितीही कौतुकाने सांगत असला तरी मी घरच्या माणसाला घ्या म्हणत नाही, नवजात बाळाची तरतूद भक्कम असेल तेवढं सोडून. दोन मुलं हवी असतील, मुदत दोन वर्षांच्या आत असेल, तर हिशेब जमतो. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेवढा हप्ता हलका झालाय. जुन्या कोटेशनवरून तुलना करू नका. जुन्या कररचनेत असाल तर स्वतः, जोडीदार आणि मुलांसाठी २५,०००पर्यंत वजावट आहे, मात्र हप्ता रोखीने भरायचा नाही.

फॉर्म स्वतः भरा

एजंट सोफ्यावर बसून चहा घेत टॅबवर टिकमार्क करत जातो. "थायरॉइड? नाही ना? पीसीओडी? नाही." मुलीला लाज वाटते, सासूबाई समोर बसलेल्या असतात, ती मान हलवते. तीच गोळी ती रोज सकाळी घेत असते. पुढे गरोदरपणाच्या फाइलच्या पहिल्याच पानावर डॉक्टर लिहितात, 'थायरॉइड, तीन वर्षांपासून', आणि कंपनीला जुनं दुखणं लपवल्याचा मुद्दा मिळतो. फॉर्म एकटीने, शांतपणे भरा. लिहिलेल्या आजारासाठी बहुधा नुसतं थांबावं लागेल. आधीपासूनच्या आजारांची मुदत आता तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. आधीचा गर्भपात, आधीचं सिझर, गरोदरपणातली साखर, हेही लिहा. गरोदर असताना नवी पॉलिसी मागितली तर बहुतेक कंपन्या बाळंतपणानंतर या म्हणतात. महिना लपवून घेतलेली पॉलिसी सोनोग्राफीच्या रिपोर्टपुढे टिकत नाही, कारण त्यावर शेवटच्या पाळीची तारीख छापलेली असते.

आता आपल्या लोकांची एक खास गोष्ट. आपल्याकडे लग्नात नाव बदलतात. नुसतं आडनाव नाही, ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून पाळण्यातलं नावसुद्धा. मग आधारवर माहेरचं नाव, पॉलिसीवर सासरचं, आणि आमच्या फाइलवर तिसरंच, कारण तिने केसपेपर काढताना घरात हाक मारतात ते सांगितलं. ऐन बाळंतपणाच्या दिवशी कंपनीकडून प्रश्न येतो : विमाधारक आणि रुग्ण एकच आहेत का? एकदा तर मला लग्नपत्रिका मागवावी लागली होती. उपाय सोपा आहे. आधार आणि पॅनवर जे नाव आहे तेच पॉलिसीवर, तेच सोनोग्राफीच्या पहिल्या चिठ्ठीपासून दवाखान्याच्या फाइलवर. नाव बदलायचं असेल तर विवाह प्रमाणपत्र लावून आधी आधार, मग पॅन, मग पॉलिसी. सातव्या महिन्याच्या आत हे उरका.

पॉलिसी हातात आली की फ्री-लुकचे, म्हणजे वाचून परत करायचे, ३० दिवस असतात. सांगितलेलं आणि छापलेलं जुळत नसेल तर परत करा. थोडी कपात होऊन पैसे परत मिळतात.

मधली वर्षं

हप्ता चुकवू नका, एवढंच. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत मुदत मिळते आणि तेवढ्यात भरलं तर थांबलेले महिने वाया जात नाहीत. पण त्या मधल्या दिवसांत दवाखाना लागला तर मिळत नाही. तीस दिवसही उलटले की घड्याळ शून्यावर.

कंपनी बदलायची असेल तर पोर्टिंग करा, म्हणजे जुनी पॉलिसीच दुसऱ्या कंपनीकडे न्या, नवी पॉलिसी घेऊ नका. नूतनीकरणाच्या निदान ४५ दिवस आधी अर्ज द्यायचा. थांबून झालेली वर्षं जमा धरतात, पण जुन्या पॉलिसीत होतं तेवढ्यापुरतीच. जुन्यात बाळंतपण नव्हतं तर नव्यात त्याची मुदत पहिल्या दिवसापासून.

पहिलं बाळंतपण माहेरी

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला न लिहिलेला नियम. सासर बडोद्याचं, माहेर नाशिक, पुणे, जळगाव, अमळनेर. सातव्यात मुलगी माहेरी जाते आणि पॉलिसीची पीडीएफ नवऱ्याच्या मोबाइलमध्ये राहते. हा माझ्या टेबलावरचा दुसरा नेहमीचा घोळ, फक्त तो उलट्या बाजूने येतो : मुंबईच्या पॉलिसीवाल्या माहेरवाशिणी आमच्याकडे येतात.

जाण्याआधी तीन चौकशा करा. माहेरच्या गावातलं कुठलं प्रसूतिगृह कंपनीच्या यादीत आहे? वेबसाइटवर यादी असते, पण ती जुनी असू शकते. दवाखान्यात फोन करून मेडिक्लेमच्या टेबलावर विचारा. जानेवारी २०२४पासून 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' म्हणून यादीबाहेरच्या दवाखान्यातही कॅशलेस मागता येतं, त्यासाठी ठरलेल्या ॲडमिशनच्या ४८ तास आधी कंपनीला कळवायचं. पण दोन्ही बाजू तयार व्हायला लागतात, तेव्हा त्याच्याच भरवशावर राहू नका.

दुसरी चौकशी : तो दवाखाना पॉलिसीच्या व्याख्येत 'हॉस्पिटल' आहे का? आईच्या ओळखीच्या डॉक्टरबाई उत्तम असतील, तिघी मावश्यांची बाळंतपणं त्यांनीच केली असतील. पण कायद्याखाली नोंदणी नसेल तर व्याख्या खाटा मोजते : दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान १०, त्याहून मोठ्या शहरात १५, शिवाय चोवीस तास नर्स आणि सज्ज ऑपरेशन थिएटर. सहा खाटांच्या नर्सिंग होमचं नोंदणी प्रमाणपत्र आधी बघून घ्या, नाहीतर मागाहून पाठवलेलं बिलही अडकतं.

तिसरी : झोन. काही कंपन्या शहरांप्रमाणे हप्ता ठरवतात. कमी हप्त्याच्या झोनमधली पॉलिसी घेऊन महागड्या झोनमधल्या शहरात दाखल झालात तर बिलाचा काही टक्के भाग स्वतः भरावा लागतो. बडोदं कुठल्या झोनमध्ये पडतं ते कंपनीगणिक वेगळं. माहेर मुंबईचं असेल तर पॉलिसी घेतानाच हे विचारा.

आणि रोख थोडी जवळ ठेवा. कॅशलेस मंजूर असलं तरी डिपॉझिट मागतात.

दवाखान्यातले तीन दिवस

नववा लागला की एक प्लास्टिकची फाइल करा. त्यात पॉलिसीची प्रत आणि ई-कार्ड, दोघांचं आधार, तिचं पॅन, पहिल्या महिन्यापासूनचे केसपेपर, सगळ्या सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, आणि डॉक्टरांची ॲडमिशनची चिठ्ठी. सिझरची तारीख ठरलेली असेल तर दोन-तीन दिवस आधी आमच्याकडे या, म्हणजे प्री-ऑथचा, कॅशलेसच्या आगाऊ मंजुरीचा, फॉर्म आधी जातो. रात्री कळा सुरू झाल्या तर आधी दाखल व्हा. चोवीस तासांत कंपनीला कळवलं की चालतं, आणि हे कळवायचं काम सासऱ्यांवर किंवा दिरावर सोपवून ठेवा. नवऱ्याला त्या दिवशी काही सुचत नाही.

केसपेपरवर डॉक्टर 'जी २ पी १ एल १' असं काहीतरी लिहितात : कितवी गर्भधारणा, किती बाळंतपणं, किती मुलं. कंपनी ते बघून कव्हरची किती बाळंतपणं वापरली ते मोजते. आकडा चुकीचा पडला असेल तर डॉक्टरांकडून लगेच दुरुस्त करून सही घ्या. मागाहून केलेल्या खाडाखोडीवर संशय येतो.

२०२४च्या नियमांप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात उत्तर द्यायचं आणि डिस्चार्जच्या वेळी शेवटची मंजुरी तीन तासांत. उशीर झाला आणि त्यामुळे दवाखान्याने जास्त आकारणी केली तर ती कंपनीने सोसायची. प्रत्यक्षात तीन तास मोजायला सुरुवात होते आमचं शेवटचं बिल गेल्यावर, आणि ते बिल अडतं औषधांच्या परतीवर. उरलेली औषधं सकाळी आठलाच परत करून टाका. बारशाच्या पाहुण्यांपेक्षा हे आधी.

रूम घेताना हात आखडता घ्या. पॉलिसीत रूमच्या भाड्याला मर्यादा असेल आणि तुम्ही त्यावरची घेतली, तर नुसता भाड्यातला फरक कापत नाहीत; डॉक्टरांची फी, थिएटर, असे जोडीचे खर्चही त्या प्रमाणात कापतात. ग्लोव्हज, डायपर, फाइल चार्ज असलं बरंच खिशातूनच जातं.

कॅशलेस झालं नाही तर मूळ डिस्चार्ज समरी, तपशीलवार बिल, पावत्या, औषधांच्या चिठ्ठ्या, इनडोअर पेपर आणि रद्द केलेला चेक, एवढं जमवून पॉलिसीतल्या मुदतीत पाठवा. पाठवण्याआधी प्रत्येक पानाची झेरॉक्स काढून घरी ठेवा. मूळ कागद हरवल्याचं उत्तर मी स्वतः वाचलेलं आहे.

दावा नाकारला तर कुठल्या कलमाखाली ते लेखी मागा. तसं द्यावंच लागतं. मग कंपनीच्या तक्रार कक्षाला लिहा. त्यांनी महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. गुजरातसाठी त्यांचं कार्यालय अहमदाबादला आहे. फी नाही, वकील नको, ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकतात, आणि कंपनीच्या उत्तरापासून वर्षाच्या आत जायचं. आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

आता दिवस गेलेलेच असतील तर

त्या दहा लाखांच्या पॉलिसीवाल्याला मी तेच सांगितलं. या बाळंतपणासाठी पॉलिसीचा विचार सोडा, पण पॉलिसी सोडू नका. दुसऱ्या वेळेला ती पूर्ण पिकलेली असेल. दवाखान्याकडून पॅकेजचा दर लेखी घ्या, त्यात काय धरलंय आणि काय नाही ते विचारा. पैशांची फारच ओढ असेल तर बडोद्याचं सरकारी सयाजी हॉस्पिटल आहे. २०११पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझरसुद्धा, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण मोफत आहे. न्यायला १०८ येते, बाळबाळंतिणीला घरी सोडायला 'खिलखिलाट'ची गाडी असते. तिथे गर्दी असते, खाट आपल्या पसंतीची मिळत नाही. पण अवघड केसेस सगळ्या शहरातून शेवटी तिथेच जातात.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला ५,००० आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये पात्र बायकांना मिळतात. अंगणवाडीत नाव घालून फॉर्म विचारा.

त्यांना मुलगी झाली, नॉर्मल, साडेतीन दिवसांत घरी. डिस्चार्जच्या दिवशी तो पेढे घेऊन आला तेव्हा मी त्याच्याकडून मोबाइलमध्ये दोन आठवणी लावून घेतल्या. एक, जन्म झाला त्या पालिकेत एकवीस दिवसांच्या आत नोंद झाली का ते बघणं. दुसरी, नव्वदाव्या दिवसाची : जन्मदाखला जोडून बाळाचं नाव पॉलिसीत चढवणं. नाव अजून ठरायचं होतं. म्हटलं, आत्याला विचारा, पण दाखल्यावर जे लिहाल तेच पॉलिसीवर लिहा.